आबाजींच्या घडीला जवसाचं तेल

पोळ्याच्या दिवशी आमच्या घरी बैलांबरोबर घडीलाही सुट्टी असायची. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, आणि घरात घडी म्हणजे एकच, आबाजींच्या मनगटावरची. आबाजी म्हणजे माझे आजोबा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळून झाले की ते हात स्वच्छ धुऊन ओसरीवर बसत, सुरीच्या टोकाने घडीचं मागचं झाकण उघडत आणि बाभळीच्या काट्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब घेऊन आतल्या चाकांवर अलगद सोडत. दुसऱ्या दिवशी तिला चावी द्यायची नाही. "वर्षभर राबते बिचारी, एक दिवस तं बसू द्या तिले," असं म्हणत. आदल्या दिवशीच्या चावीवर ती कशीबशी चालायची, मग थांबायची, आणि आई बैलांच्या नैवेद्यातला एक वडा तिच्यापुढेही ठेवायची. तो वडा नंतर माझ्या वाट्याला येई, त्यामुळे या प्रथेवर लहानपणी माझी फार श्रद्धा होती.

घडी आमच्या घरात कुठून आली, ते मी सांगत बसत नाही. त्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि तिन्ही आबाजींनीच सांगितलेल्या. एकीत रेल्वेचा गार्ड होता, दुसरीत तेंदूपत्त्याचा ठेकेदार होता आणि तिसरीत कचारगडच्या जत्रेत लागलेली एक पैज होती. ती परदेशी बनावटीची होती, रोज चावी द्यावी लागायची आणि तिचे काटे निळे होते, एवढं खरं. पांढरी तबकडी माझ्या जन्माच्या आधीच साईसारखी पिवळट झाली होती. खाली सहाच्या आकड्यापाशी एक तपकिरी डाग होता, तूप कढवल्यावर तळाला बेरी उरते त्या रंगाचा. मी वेळ बघायला शिकले ती याच तबकडीवर. त्यामुळे शाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळात सहापाशी डाग नाही हे पाहून मला ते घड्याळ अपुरं वाटलं होतं, आणि मी तसं गुरुजींना सांगितलंही होतं.

आमचं गाव गोंदियाजवळ, बिरसीच्या बाजूला. आता तिथे वैमानिक व्हायला आलेली पोरं दिवसभर डोक्यावरून लहानलहान विमानं फिरवत असतात आणि गावातली म्हातारी माणसं त्यांना ऐकू जाईल अशा बेताने शिव्या घालतात. तेव्हा आभाळ शांत होतं. आवाज असत ते जमिनीवरचे. राइस मिलच्या इंजिनाची फटफट, धानाच्या ओल्या बांधीतल्या बेडकांचं एकसुरी गाणं, आईच्या कढईत मोहरी तडतडायची ती, आणि आबाजींच्या मांडीवर डोकं ठेवलं की कानाशी घडीची टिकटिक. धान कापून झाल्यावर बांधीतल्या ओलीवरच लाखोळी आणि जवस पेरायची आमच्याकडची रीत. घाणीवरून जवसाचं तेल पिंपाने घरी यायचं आणि घरात ज्याला ज्याला म्हणून तेल लागतं त्याला ते मिळायचं. लाखोळीच्या डाळीचे वडे त्यात तळायचे, दाराच्या बिजागऱ्यांना तेच, बंडीच्या चाकाला तेच, मुरगळलेल्या पायाला तेच. मग घडीनेच काय पाप केलं होतं?

शेवटी शेवटी आबाजींची बोटं बधिर झाली. चावी चिमटीत धरता येईना. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी घडीला चावी द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा अकरावीत होते. ते मनगट पुढे करत, घडी काढायची नाही, हातावरच चावी द्यायची, आणि चावी कडक लागली की त्यांना माझ्याआधी कळायचं. "बस," असं म्हणत. धान घरात आल्यावर, एका जेवणानंतर, फारसा कुणाला त्रास न देता ते गेले. जाण्याच्या काही दिवस आधी सगळ्यांसमोर बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले होते, "घडी सुलूले देजो." सुलू म्हणजे मी. माझी आत्याबाई, म्हणजे बाबूजींची मोठी बहीण, सौंदडहून आली होती. ती म्हणाली, "पोरीले कायले बाप्पा? उद्या सासरी जाईल, घडी संग जाईल." आबाजी म्हणाले, "चावी कोन देते? तिचीच घडी." विषय तिथेच संपला.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत घडी बंद पडली. चावी फिरेना, काटे हलेनात. मी तिला उन्हात ठेवली, कानाशी हलवून पाहिली, तिच्याशी दोन शब्द बोलूनही पाहिले. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आबाजी गेले तेव्हा घरभर माणसं होती, रडायला सोबत होती. हे दुसरं जाणं मात्र माझ्या एकटीचं होतं, आणि मला ते मुळीच सोसलं नाही.

पोळा जवळ आला तशी आत्याबाई माहेरी आली आणि घडीवरून बहीण-भावाची जुंपली. बाबूजींना नव्याची भारी हौस. बंडीला निळा रंग, बैलांच्या शिंगांना दरवर्षी वेगळा बेगड, घरात कुठे पोपडा निघाला की हा माणूस चुन्याची बादली घेऊन हजर. त्यांचं म्हणणं एकच, "गोंदियाले नेतो, तोंड नवा करतो, काटे नवे, सोन्याचा पानी देतो. बाबाची घडी कशी नवरदेवावानी दिसली पायजे." आत्याबाई कानांवर हात ठेवून म्हणाली, "काऊन गा बाबू, बापाच्या घडीले परका मानूस हात लावन? उघडाची नाई. जशी हाय तशी देवघरात ठेवा. तुमाले जमत नसन तं मी नेतो सौंदडले, माझ्या देवापाशी." बाबूजी म्हणाले, "देव का वेळ पाहून राहिला तिच्यात?" यावर आत्याबाईने दोन दिवस अबोला धरला. तो अबोलाही असा, की जे सांगायचं ते ती मांजरीला सांगायची आणि बाबूजींना ओसरीवर सगळं ऐकू जायचं.

मधे मी. मला घडी चालायला हवी होती आणि आबाजींची राहायला हवी होती. दोन्ही एकदम होतं का हे मला ठाऊक नव्हतं, पण एक कळत होतं, की ती तबकडी एकदा खरवडली की जगातला कोणीही ती परत आणून देणार नाही. बाबूजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "घडी तुजी हाय पोरी, मी जबरदस्ती नाई करत. पन पोळ्याच्या आत काय ते ठरव. बंद घडी घरात नोको. नाईतं तुज्या आत्याबाईले घेऊन जाऊ दे देवघरात." सौंदडच्या देवघरात आमच्या आजीचा चष्मा होता, पणज्याचं पानदान होतं, आणि त्यांना कुंकू लागलेलं मी पाहिलं होतं. घडीच्या काचेवर कुंकवाचं बोट मला दिसायला लागलं. मी म्हटलं, गोंदियाला जाऊ.

बाजारातलं ते दुकान म्हणजे एका कापडाच्या दुकानाच्या पायरीशी लावलेलं काचेचं कपाट आणि त्यामागे बसलेले छोटेलालजी. गोंदियाच्या बाजारात माणूस हिंदीत भाव सांगतो, मराठीत शपथ घेतो आणि छत्तीसगढीत चिडतो, तसे छोटेलालजी तिन्ही बोलत. कपाटात त्यांनी आपल्या हातच्या नव्याकोऱ्या तबकड्या मांडल्या होत्या, हिरव्या, लाल, मोरपंखी. त्यांचा त्यांना फार अभिमान होता. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आमच्या घडीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, मग नाक जवळ नेलं. मग भिंगासकट वर पाहून बाबूजींना विचारलं, "इसमें वड़े तले थे क्या?"

मी खरं ते सांगितलं. पोळा, बाभळीचा काटा, जवसाचं तेल, सुट्टी, वडा, सगळं. छोटेलालजी आधी नीट ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले, भिंग डोळ्यातून निसटून मांडीत पडलं आणि ते कापडवाल्याला ओरडून म्हणाले, "अरे सुनो, इधर घड़ी का पोला होता है!" कापडवाला आला, त्याचं गिऱ्हाईक आलं, पानवाला आला. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बाबूजी आधी चपलेकडे बघत उभे होते, पण तिसऱ्यांदा सांगताना मी काट्याऐवजी मोरपीस म्हणाले की काय कोण जाणे, ते स्वतःच पुढे सरसावले, "नाई नाई, बाभळीचा काटा! अन थेंब एकच, जास्त नाई!" पानवाल्याने डोळे पुसत आम्हाला फुकट पान दिलं. मी आयुष्यात खाल्लेलं ते पहिलं पान, आणि ते खाऊन मला घेरी आली.

हसून झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. जवसाचं तेल वाळतं, आणि वाळलं की घट्ट होतं, लाकडाला लावलेल्या रोगणासारखं. इतक्या वर्षांचे इतके थेंब आत बसले होते, चाकं एकमेकांना चिकटली होती, आणि तेलच झिरपून पुढे तबकडीवर आलं होतं. तो डाग म्हणजे आबाजींची माया होती, पिवळी होऊन वर आलेली. घडी मेलेली नाही, असं ते म्हणाले. पुर्जा न पुर्जा सुटा करून पेट्रोलमध्ये धुवावा लागेल, घड्याळाचं खरं तेल द्यावं लागेल, चालेल. इथपर्यंत मी आनंदाने ऐकत होते. मग त्यांनी मोरपंखी तबकडी काढून पुढे धरली. "और ये डायल लगा देता हूँ. दुल्हन लगेगी."

"लगा दो," बाबूजी म्हणाले. "नाई," मी म्हणाले. दोघांचं एकदमच.

"अवो, तो डाग कोनाले दाखवाचा हाय?" बाबूजी माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "माजा बाप होता सुलू. त्याची घडी चांगली दिसावी असं नाई वाटत का मले? बाप गेला तेव्हा नवा धोतर घालूनच नेला ना त्याले?"

माझ्या तोंडात ते पान, डोळ्यांत पाणी, आणि तोंडून निघालं ते मी ठरवून बोललेच नव्हते. "ज्याले न्यायचं असते त्याले नवा घालते, बाबूजी. ही तं घरातच राहणार हाय."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग घडीकडे. छोटेलालजींनी मोरपंखी तबकडी हळूच कपाटात परत ठेवली, पण हार मानणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, ठीक आहे, तबकडीला हात लावत नाही, तिला पेट्रोलही लागू देत नाही. पॉलिशही नको? नको. काच तरी? काच इतकी चरे पडून आंधळी झाली होती की मी काचेला हो म्हटलं, आणि बाबूजींचा चेहरा उजळला. त्यांनी कपाटातली सगळ्यात लखलखीत काच निवडली, एक लाल पट्टाही निवडला. मी पट्टा काळा करवून घेतला.

"अब चाबी," छोटेलालजी म्हणाले. घडीच्या कडेची फिरवायची चावी कंपनीची नव्हती. चांदीची होती, हरभऱ्याएवढी, ओबडधोबड, गावातल्या सोनाराने कधीतरी केलेली. मला ती तशीच ठाऊक होती, तिच्यावर विचार करायची कधी वेळच आली नव्हती. छोटेलालजींनी एक पत्र्याची डबी उलथी केली आणि त्यातून नेमकी त्याच कंपनीची जुनी चावी शोधून काढली, बारीक, सुबक, वर कंपनीची खूण. "तुमको असली चाहिए ना, बेटी? ये असली है. वो तो सोनार का जुगाड़ है. भारी है, अंदर का डंडा घिसता है, और उसकी बगल से पानी जाता है. बोलो."

मी अडकले. आतापर्यंत माझं म्हणणं सोपं होतं, की जे मूळचं आहे ते ठेवा. आता मूळचं समोर होतं, डबीतून निघालेलं, आणि आबाजींच्या चिमटीत इतकी वर्षं राहिलेलं ते मूळचं नव्हतं. घडीच्या दृष्टीनेही डबीतलीच चावी बरी. मी डबीतली चावी घडीच्या चावीशेजारी धरून बघत राहिले.

बोलले ते बाबूजी. "चाबी रहने दो, सेठ." मग माझ्याकडे न बघता, कपाटातल्या हिरव्या तबकडीकडे बघत त्यांनी सांगितलं. चावी त्यांनीच तोडली होती. लहान होते, आबाजी दुपारी झोपले होते, घडी उशाशी होती. फिरवत गेले, फिरवत गेले, आणि चावी हातात आली. भीतीने धानाच्या तणसाच्या ढिगात जाऊन लपले. आबाजींनी शोधून काढलं, कान धरला नाही, खांद्यावर बसवलं आणि सोनाराकडे नेलं. आजीचं झिजलेलं जोडवं सोनाराने मुशीत टाकलं. "फुंकनी मी फुंकली," बाबूजी म्हणाले. "सोनार मने, जोरात फुंक, तुनंच तोडली ना. गाल दुखले माजे." मग गालावरून हात फिरवत, "बाबा काईच नाई बोलले. पन मी मंग हात नाई लावला घडीले. कधीच नाई."

मी बाबूजींना जन्मापासून पाहत होते, आणि हा माणूस घडीपासून हातभर दूर बसतो हे मला कधी दिसलं नव्हतं. मला त्यांचा इतका लोभ वाटला, की भर बाजारात मी त्यांचा शर्ट धरून उभी राहिले. छोटेलालजी म्हणाले, "तो जोड़वे की रहेगी. बस रोपाई में मत पहनना, बेटी, और बरतन धोते टाइम भी." बाबूजी लगेच म्हणाले, "भांडे मीच घासीन." ते त्यांनी अर्थात कधी केलं नाही.

अलीकडे माझ्या नातीने घडीचे फोटो काढून जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या कुठल्याशा मोबाइल ग्रुपवर टाकले. तबकडी कुणी रंगवली नाही म्हणून लोकांनी कौतुक केलं, आणि एका जाणकाराने अगदी सभ्य भाषेत लिहिलं, की चावी मूळची नाही, मिळाली तर बदलून घ्यावी, किंमत वाढेल. नातीने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, लिही, चावी घरची आहे. मधल्या वर्षांत घडी चार ठिकाणी धुऊन आली, नागपूरलाही जाऊन आली. आतला दांडा दोनदा बदलावा लागला. छोटेलालजी खोटं बोलले नव्हते. तरी मला एकदाही पस्तावा झाला नाही. पावसाळ्यात ती कपाटात असते आणि मी मोबाइलमध्ये वेळ बघते, इतकंच.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही घडी घेऊन घरी आलो. बसमध्ये गर्दी इतकी, की टिकटिक ऐकायची तर कान काचेला चिकटवावा लागे. बाबूजी म्हणत होते, चालू आहे ना बघ, आणि मी बघत होते. आत्याबाई अंगणातच उभी होती. अबोला विसरून तिने घडी माझ्या हातातून हिसकावली, उजेडात धरली, उलटीपालटी केली. सहापाशी डाग आहे. काटे निळे आहेत. चावी ओबडधोबड आहे. "हाय," ती म्हणाली, "हाय गा बाबू, बाबाचा सगळा हाय." मग कानाला लावली आणि मटकन ओसरीवर बसली, हसता हसता रडायला लागली, आणि आईने वड्यांची कढई उतरवून ठेवली तरी कोणाला उठवेना. मी जुनी काच कागदात गुंडाळून आणली होती, ती आत्याबाईला दिली. सौंदडच्या देवघरात ती काच मी पुढे पाहिली, चष्म्याशेजारी, वर कुंकवाच्या बोटासकट. तिथे ती शोभत होती.

दिवे लागले. घडीला चावी द्यायची होती. मी रोजच्यासारखी चिमटीत धरली, आणि मग का कोण जाणे, घडी बाबूजींपुढे केली. ते मागेच सरकले. "मी नाई बाप्पा. तुटन." मी म्हटलं, "नाई तुटत. हळू फिरवा." नांगर धरणारा तो हात, कातडं दगडासारखं, आणि त्या दोन बोटांत ती चांदीची चावी. पहिला वळसा देताना त्यांनी श्वास धरून ठेवला होता.

"बस?" त्यांनी विचारलं.

"अजून."

"बस?"

"अजून, बाबूजी."

त्यांनी अजून थोडी फिरवली, आणि चावी कडक लागली तशी मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "बस." घडी तळहातावर ठेवून ते तिच्याकडे बघत राहिले. चेहरा असा, की माझ्यापेक्षा लहान दिसत होते. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली, धोतराला हात पुसले, आणि आत्याबाईला ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकून माझ्या कानाशी विचारलं,

"सुलू, उद्या तं सुट्टी हाय तिची. परवाच्याले पन मीच देऊ का?"